विमान उतरल्यानंतरचे तास

आमच्या चाळीत कोणी गेलं की पहिली हाक डॉक्टरांना नाही, बुधाजी हिंदळेकरांना जायची. डॉक्टर काय, येऊन फक्त 'गेले' म्हणणार. ते घरच्यांना आधीच कळलेलं असतं. पुढचं सगळं बुधाजीकाकांना ठाऊक. बांबू कुठल्या वखारीतून आणायचे, सुंभ किती लागेल, भोईवाड्याच्या स्मशानात आधी कोणाला सांगून ठेवायचं, आणि रडणाऱ्या बाईला कोणत्या बाईशेजारी बसवायचं म्हणजे ती आणखी रडणार नाही. हे काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. चाळीत अशी कामं कोणाच्या तरी अंगाला चिकटतात आणि मग सुटत नाहीत.

काका लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. तीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात उभं राहिल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही तिसऱ्या खोलीत ऐकू जायचं. मयताच्या घरात ते अगदी हळू आवाजात विचारायचे, "तिरडी बांधायला घेऊ ना?" आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. मला लहानपणी त्याचं हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. तो कधी मिटला, हे मला विचारू नका. काकांनाही सांगता आलं नसतं. संप मिटला असं कोणी येऊन सांगितलंच नाही. लोक एकेक करून दमले, एवढंच. काकांना गिरणीने परत घेतलं नाही. मग ते परळला एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन म्हणून बसायला लागले, आणि चाळीत कोणी गेलं की रजा टाकून यायचे. एकदा त्यांच्या सेठने विचारलं, तुमच्याकडे इतके लोक मरतात कसे? काका म्हणाले, संपानंतर जरा वाढलेत. ते खोटं नव्हतं.

आता आमच्या मजल्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मजल्यावर मयत असेल तर ते उचलेपर्यंत कोणाच्याही खोलीत चूल पेटत नाही. चूल म्हणजे आता स्टोव्ह, कोणाकडे गॅस, पण शब्द तोच. वीस खोल्या, वीसही बंद. चहासुद्धा नाही. लहान मुलांना पाव आणि केळी द्यायची, तीही जिन्यात नेऊन. रीत चांगली आहे. दुःख एका खोलीत कोंडून राहत नाही. पण ही रीत ज्या काळात पडली तेव्हा मयत तासा-दोन तासांत निघायचं. फार तर दादरहून भाऊ यायचा, माझगावहून जावई यायचा. गावचा माणूस यायचा असेल तर त्याच्यासाठी थांबतच नसत. एसटीला रात्र लागते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि गावच्या माणसालाही.

संपानंतर मुलं बाहेर पडली. कोणी मस्कतला, कोणी कुवेतला, कोणी दुबईला. वीस खोल्यांपैकी सहा-सात खोल्यांतले मुलगे विमानाने गेले. आणि मग आईबाप मरायला लागले तेव्हा प्रश्न आला, थांबायचं का, आणि किती?

इथे माझा संबंध येतो. मी मीनाक्षी. गिरगावात प्रार्थना समाजाजवळ एका ट्रॅव्हल एजंटकडे तिकिटं काढायच्या कामावर होते. दिवसभर माणसं यायची आणि विचारायची, किती तास? लोकांना वाटतं आम्हाला किलोमीटर पाठ असतात. किलोमीटर कोणाला हवेत? मुंबईहून मस्कत दीड हजाराच्या थोडं वर, असं सांगितलं तर समोरचा नुसता बघत राहतो. अडीच तास म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो. अडीच तास म्हणजे लालबागहून विरारला जाऊन परत यायचं. मी दिवसभर हे तास वाटायची आणि स्वतः कधी विमानात बसले नाही. ते दुःख वगैरे नाही, नुसतं सांगते. त्या नोकरीने माणूस एवढा कंटाळतो की त्याला कुठे जावंसंच वाटत नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरचे नाना गेले. टोकाच्या खोलीतले, गिरणीत पूर्वी जॉबर, म्हणजे मुकादम होते. त्यांचा मुलगा दत्ताराम मस्कतला. काका सकाळी माझ्या दारात आले आणि त्यांच्या त्या हळू आवाजात विचारलं, "मीना, मस्कत किती तास गं?"

मी म्हटलं, अडीच.

सगळ्या मजल्याने ते ऐकलं. सगळ्यांना हायसं वाटलं. अडीच तास म्हणजे काय, थांबूच की. दत्तारामला तार गेली आणि आम्ही थांबलो. संध्याकाळ झाली. बर्फाच्या लाद्या आल्या. रात्र गेली. दुसरी सकाळ झाली. बर्फाचं पाणी उंबऱ्यावरून गॅलरीत आलं आणि बायका ते पोत्याने टिपत बसल्या. म्हाताऱ्या चक्कर येऊन पडायला लागल्या, पण चूल पेटवू या असं बोलायची कोणाची हिंमत होईना. दत्ताराम आला तो दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला. मालकाकडून पासपोर्ट सुटायला दिवस गेला, विमानात जागा मिळायला रात्र. आणि विमान उतरल्यावर कस्टममध्ये चार तास, कारण त्याच्याकडे तीन बॅगा, एक टू-इन-वन टेपरेकॉर्डर, चार ब्लँकेटं, आणि तिथल्या मित्रांनी आपापल्या घरी द्यायला दिलेली पार्सलं होती. तो टॅक्सीतून उतरला तेव्हा टपावर बॅगा आणि डोळ्यांत पाणी, असा उतरला.

कोणी त्याला दोष दिला नाही. मीही देत नाही. आखातातून मुलगा रिकाम्या हाताने आला तर चाळीत लोकांना वाटायचं त्याला तिथून हाकललंय. बाप मेला म्हणून काही ती लाज कमी होत नाही. त्याने बॅगा भरून ठेवलेल्याच होत्या, त्या घेऊन तो निघाला.

पण त्या दीड दिवसानंतर काका बदलले. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुझे अडीच तास खोटे आहेत."

मला राग आला. मी म्हटलं, "काका, विमान अडीच तासच घेतं. पुढचं आमच्या खात्यात येत नाही."

"माझ्या खात्यात येतं," ते म्हणाले.

तेव्हापासून त्यांनी स्वतःचा एक हिशोब बसवला. विमानाचे तास माझ्याकडून घ्यायचे. त्यात चार तास कस्टमचे. तास-दीड तास सहार विमानतळावरून लालबागला टॅक्सीचे. एवढं धरून माणूस दिवे लागायच्या आत पोचत असेल तर थांबायचं. नसेल तर उचलायचं. मुलगा कोणाचाही असो. मजल्याला नियम पटला. पटला म्हणजे काय, सगळे भुकेने थकले होते, कोणीतरी ठरवलं हेच बरं वाटलं. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत दोन-तीन मुलगे आले, आणि प्रत्येक वेळी काकांचे चार तास बरोबर निघाले. काका खूष व्हायचे असं नाही, पण मान हलवायचे.

शहाऐंशीत सोनूबाईंचे यजमान भिवा गेले. सोनूबाई आमच्या समोरच्या खोलीत. त्यांचा मुलगा कुवेतला. कुवेतहून चार तास. त्याचा निरोप आला, सुट्टी मिळाली, सकाळच्या विमानाने निघतोय. काकांनी बोटं मोजली आणि म्हणाले, रात्री नऊ. सोनूबाईंनी पदर पसरला. अक्षरशः पसरला, मी बघितलं. म्हणाल्या, एकुलतो एक झील हा माझो, बापाच्या तोंडात पाणी घालूक येता हा. काका खाली बघत होते. म्हणाले, "सोनूबाई, नियम सगळ्यांक एक." पुतण्याने अग्नी दिला. मुलगा रात्री नऊला आला, काकांनी सांगितल्याप्रमाणे, बॅगांसकट. सोनूबाईंनी त्या दिवसापासून काकांशी बोलणं टाकलं. नळावर काका आले की त्या हंडा अर्धा ठेवून निघून जायच्या. काकांनी ते मुकाट्याने सोसलं.

आता काकांच्या घरचं. बायको तुळसा, मुलगा जगन. जगन हाही गिरणीत फिटर, संपाच्या आधी नुकताच कायम झालेला. संपानंतर चार वर्षं काहीबाही करत राहिला. मग आफ्रिकेतून, नायजेरियातून, कापडाच्या कारखान्याला साचे दुरुस्त करणारी माणसं हवीत असं कळलं. इथे साचे भंगारात चालले होते आणि तिथे ते चालवायला माणसं नव्हती. काका म्हणाले, "साचे गेले तिकडे माणूस जातो, आणि काय." दोन वर्षांचा करार. दोन वर्षं भरली की कारखाना जाण्यायेण्याचं तिकीट देणार. मधे आलास तर तुझा तू, आणि परत घेऊच याची खात्री नाही.

त्याचं तिकीट मीच काढलं होतं. आमच्या ऑफिसात भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. काका तिकीट न्यायला आले तेव्हा नकाशासमोर उभे राहिले आणि खिशातून सुताचा तुकडा काढला. गिरणी सुटून चार वर्षं झाली होती तरी त्यांच्या खिशात सूत असायचं. मुंबईवर बोट ठेवून त्यांनी ते मस्कतपर्यंत ताणलं, मग लागोसपर्यंत. मग दोन्ही मापं शेजारी धरून बघत बसले.

"लंडनपेक्षा जवळ ना?" त्यांनी विचारलं.

"लांब आहे. साडेसात हजार किलोमीटरच्या वर."

"आफ्रिका तर समोर आहे."

"अलीकडचा किनारा समोर आहे, काका. हे पलीकडच्या किनाऱ्यावर."

मी त्यांना सांगितलं की सरळ विमान नाही. आदिस अबाबाला उतरायचं, तिथे थांबायचं, तिथून दुसरं. तेही आठवड्यातून दोनदाच. आणि जगनचा कारखाना लागोसला नव्हे, तिथून मोटारीने दिवसभराच्या वाटेवर. ते ऐकत होते, पण त्यांना ऐकायचं होतं ते एवढंच की परत यायला किती. मी म्हटलं, येताना थोडं कमी, वारा मागून असतो. ते थोडे हसले. म्हणाले, "म्हणजे घरी येणाऱ्याला वारा ढकलतो."

मी त्या वाऱ्याबद्दल जास्त काही बोलले नाही. कमी म्हणजे थोडंच कमी. पण त्या माणसाकडे तेवढ्यापुरतं तरी काहीतरी असावं असं मला वाटलं.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर तुळसाकाकूचं पोट फुगायला लागलं. इस्पितळात नेलं, महिनाभर ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले घरी न्या. 'घरी न्या' याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. जगनची दोन वर्षं भरायला तेव्हा चार महिने होते.

त्यानंतर काका रोज संध्याकाळी माझी वाट बघत गॅलरीत उभे असायचे. मी जिना चढून येते न येते तोच विचारायचे, "मीना, लागोसहून किती तास?" त्यांना पाठ होतं. तरी विचारायचे. मीही रोज सांगायची. कारखान्यातून लागोस एक दिवस, लागोसहून आदिस अबाबा पाच तास, मधे थांबणं, मग साडेपाच तास मुंबई. विमानाचे वार जमले तर सगळं मिळून अडीच दिवस, न जमले तर पाच. कधी मी दमून आलेली असायची आणि माझा आवाज चढायचा. त्यांना तो ऐकू यायचा नाही, किंवा यायचा आणि ते दाखवायचे नाहीत.

प्रश्न सरळ होता आणि त्याला उत्तर नव्हतं. जगनला आत्ता बोलावलं आणि काकू तगली, तर पोराचा करार गेला, नोकरी गेली. नाही बोलावलं आणि काकू गेली, तर तो पोचायचा नाही. काकांच्या नियमात अडीच दिवस थांबणं कुठेच बसत नव्हतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर काकांनी सांगून टाकलं असतं. स्वतःचं सांगता येईना.

काकू मात्र स्वच्छ बोलायची. एकदा मी तिच्याजवळ बसले होते. म्हणाली, "येऊन काय करतलो? माका बघीत बसतलो." मी तिची चादर सारखी केली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण एकदा बघूक होयो होतो गो." मग भिंतीकडे तोंड केलं. हे मी काकांना सांगितलं. नसतं सांगितलं तरी त्यांना माहीत होतं, खोली दहा बाय बाराची, त्यात काय लपतं? त्या आठवड्यात त्यांनी तार केली.

तीन दिवसांनी, दुपारी, आमच्या ऑफिसच्या टेलेक्सवर उत्तर आलं. जगन लागोसहून निघाला. आदिस अबाबाहून पुढच्या विमानात जागा पक्की. उद्या दुपारी दोनला सहार. मी त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कोणासाठी तरी तास घेऊन धावत घरी आले.

काका गॅलरीत होतेच. मी सांगितलं, उद्या दोनला उतरतो. त्यांनी डोळे मिटले. मग बोटं मोजायला लागले. ते थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं, सवयच ती. दोन. चार तास कस्टम. दोन वर्षांचा माल असणार, चार कसले, पाच धर. दीड तास टॅक्सी, संध्याकाळची गर्दी. "रात्री साडेआठ," ते म्हणाले, आणि आत काकूला सांगायला गेले. मला वाटलं, ठीक आहे, साडेआठ तर साडेआठ. येतोय ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तुळसाकाकू गेली. त्रास झाला नाही. पेज भरवायला बसलेल्या बाईने चमचा पुढे केला आणि तिने तोंड उघडलं नाही, इतकंच. मी त्या दिवशी कामावर गेले नव्हते. खालच्या इराण्याच्या हॉटेलातून विमानतळाला फोन लावला. विमान वेळेवर होतं.

बारा वाजेपर्यंत दादरची, शीवची माणसं आली. तिरडी या वेळी दुसऱ्यांनी बांधली, आणि काका एका बाजूला उभे राहून गाठी बघत होते. मजल्यावरच्या चुली बंद होत्या. सगळे काकांकडे बघत होते आणि कोणी काही विचारत नव्हतं. विचारायचं काय होतं? प्रत्येकाला माहीत होतं की दोनला विमान आहे, आणि प्रत्येकाला नियमही माहीत होता.

मी म्हटलं, "काका, थांबू या. दोनला उतरतोय. चार-साडेचारपर्यंत बघू तरी."

"चारला तो कस्टमच्या लायनीत असेल, मीना. इतकी पोरं बघितली मी. एक तरी पोरगा त्याच्या आधी आला?"

आला नव्हता. मी विमानाबद्दल बोलू शकत होते, कस्टमबद्दल तेच बोलायचे आणि दर वेळी त्यांचंच बरोबर यायचं.

मग सोनूबाई पुढे आल्या. दोन-अडीच वर्षांत पहिल्यांदा त्या काकांच्या समोर उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "बुधाजी, थांबा. झील येता हा. आमची चूल रवांदे थंड, रात्रीपर्यंत रवांदे." आणि वळून बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "काय गो?" एकीनेही नाही म्हटलं नाही. पुरुषांनीही माना हलवल्या. मला तेव्हा या चाळीचा, जिचा मला एरवी वीट आला होता, फार अभिमान वाटला.

काकांनी हात जोडले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू आला.

"नको, सोनूबाई. भिवाच्या वेळेक मी थांबूक नाय. आता माझ्या वेळेक कसो थांबू?"

"त्या दिसाचा त्या दिसाक गेला," सोनूबाई म्हणाल्या.

"नाय गेला," काका म्हणाले. "तुमी दोन वर्षां नळावर हंडो अर्धो ठेवून गेलात. माका दिसत होता."

त्यावर सोनूबाई रडल्या. काकांनी तिरडीच्या पुढच्या बांबूला हात घातला आणि म्हणाले, उचला. दीड वाजला असेल. मला त्यांचा संताप आला होता. माणसाने एकदा तरी स्वतःला सूट द्यावी, एवढं काय मोठं. पण त्या क्षणी त्यांना अडवायला जाईल असा माणूस चाळीत नव्हता, मीही नव्हते.

बायकांनी खोली धुतली, जिथे काकू होती तिथे दिवा लावला, आणि मजल्यावरच्या चुली पेटल्या. सकाळपासून उपाशी असलेली माणसं, भाताचा वास सगळीकडे. मी गॅलरीत उभी होते. पावणेचारला खाली टॅक्सी थांबली.

टपावर काही नव्हतं. मी आधी समजलेच नाही की टॅक्सी आमच्याकडे आहे. मागचं दार उघडलं आणि जगन उतरला. अंगावर खाकी शर्ट, बाहीवर तेलाचे डाग, केसांत कापसाचे तंतू तसेच. हातात एक प्लास्टिकची पिशवी, तीत पासपोर्ट. तो जिना चढून वर आला, आणि अर्ध्या गॅलरीत थबकला. प्रत्येक खोलीतून शिजण्याचे आवाज येत होते. तो याच मजल्यावर जन्मलेला. त्याला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. दारातल्या सोनूबाईंकडे बघून त्याने फक्त विचारलं, "कधी नेल्यानी?"

टॅक्सी खाली उभीच होती. बायका स्मशानात जात नाहीत, पण मी त्याच्याबरोबर बसले. कोणीतरी बसायला हवं होतं. भोईवाडा काही लांब नाही. वाटेत त्याने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. तार कारखान्यात साच्यावर असतानाच हातात पडली. लागोसला जाणारी मोटार गेटवर उभी, ती चुकली तर ते विमान चुकलं, पुढचं चार दिवसांनी. खोलीवर गेलाच नाही. आईसाठी मिक्सर घेऊन ठेवला होता, तोही खोलीवर राहिला. सहारला कस्टमच्या माणसाने त्याच्या पिशवीकडे बघितलं आणि हातानेच, जा, म्हटलं. विमानातून उतरून रस्त्यावर यायला त्याला अर्धा तास लागला.

आम्ही पोचलो तेव्हा चिता चांगली धडाडली होती. पुरुष बाजूला बाकड्यांवर बसले होते. मला बघून कोणीतरी उठला, मग मागे जगन दिसल्यावर सगळेच उठले. काका उठले नाहीत. जगन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. काकांनी त्याच्या चेहऱ्याकडे आधी बघितलंच नाही. त्याच्या हातांकडे बघितलं, मग त्याच्या मागे, गेटपर्यंत.

"बॅगा खंय?" त्यांनी विचारलं.

"कसल्या बॅगा, बाबा?"

"कस्टमात..."

"हातात कायच नव्हता. माका कोण थांबवतलो?"

काका बाकड्यावर थोडे सरकले, त्याला जागा दिली. जगन बसला. बाकीचे लोक लांब गेले. मी जवळ उभी होते, म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर काका इतक्या हळू बोलत होते की लाकडांच्या आवाजात ते कोणाला कळलं नसतं.

"आयेन विचारल्यान काय, मी कधी येतंय ता?" जगनने विचारलं.

"विचारल्यान. काल सांजचा. मीना सांगून गेली तेव्हा."

"मग?"

"रात्रीक येतलो म्हणून सांगलंय. तुझ्या बॅगांचे तास धरून." काकांनी आगीकडे बघितलं. "दुपारपर्यंत कशीतरी काढीन, म्हणाली. रात्रीपर्यंत माझ्यान होवचा नाय."